विश्वनाथ सरांचा डॅक

विश्वनाथ सरांच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी हदगावला एका लग्नाच्या मांडवात शिडीवर उभा राहून स्पीकरची वायर ओढत होतो. खाली कुणीतरी माईक हातात घेऊन 'हॅलो, हॅलो' करत होतं आणि त्या गदारोळात मला फोनवरचं काहीच ऐकू येईना. "वहिनी, जरा मोठ्यानं बोला," मी ओरडलो. त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत. तेवढ्याच हळू आवाजात पुन्हा म्हणाल्या, "भाऊजी, सर गेले. सकाळी चहा पिता पिता…" मी शिडीवरून उतरलो, अॅम्प्लिफायरचं बटण बंद केलं आणि तिथल्याच एका खुर्चीवर बसून राहिलो. नवरीचे मामा येऊन रागावले, आवाज का बंद केला म्हणून. त्यांना काय सांगणार… चांगला आवाज कशाला म्हणायचं हे ज्या माणसानं मला शिकवलं तो माणूस गेला होता. या गोष्टीला आता सव्वा महिना होऊन गेला.

मी नांदेडचा, मंडप आणि स्पीकरचा धंदा करणारा माणूस. लोकांच्या हातात माईक देण्यात जन्म गेला, स्वतः 'चेक, चेक'च्या पुढं कधी बोललो नाही. त्यामुळं हे लिहिणं थोडं वेडंवाकडं होईल. विश्वनाथ सर लातूरचे, फिजिक्स शिकवायचे. लातूरला क्लासेसचं पेव फुटलं आणि बघता बघता ते लोण आमच्या नांदेडला आलं, तो काळ. गल्लोगल्ली भाड्याच्या खोल्या, मेसचे डबे, डॉक्टर व्हायला निघालेली हदगाव-भोकर-धर्माबादची पोरं-पोरी. सर तीन दिवस लातूरला शिकवायचे, तीन दिवस नांदेडला. त्यांचा इथला हॉल म्हणजे पूर्वीचं कापसाचं गोदाम, वर पत्रे, आणि शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचायचा नाही. म्हणून मला बोलावणं आलं. मी पुढं स्पीकरचे दोन बॉक्स लावले, मागं दोन लावले, आणि निघालो तर सर म्हणाले, "अजून एक लागंल. माझ्याकडं तोंड करून." मी म्हणालो, "सर, बोलणाऱ्याकडं तोंड केलं की बॉक्स शिट्टी मारतो." "मला माझा आवाज आला न्हाई तर मी शिकवून राहिलो का नुसता बोंबलून राहिलो, हे मला कसं कळावं? अन् शिट्टी मारू न देणं हे तुमचं काम." असा डोक्यात गेला तो माणूस माझ्या! पण मीही हट्टाला पेटलो. दोन दिवस खपून फळ्याच्या डाव्या अंगाला, बरोबर त्यांच्या कानाच्या उंचीवर, असा कोन साधून मी तो बॉक्स बसवला की शिट्टीचं नाव नाही. सर लई खूश झाले. मीही कॉलर ताठ करून आमच्या वजिराबाद भागात सांगत हिंडलो.

तिथून आमची दोस्ती जमली, त्यांच्या तोंडी 'तुम्ही'चं 'तू' झालं. मी मात्र त्यांना सरच म्हणत राहिलो. दर वर्षी नवी बॅच सुरू झाली की त्यांचा निरोप यायचा, "बापू, माझ्याकडचा बॉक्स बारीक बोलून राहिला, जरा वाढव." मी जायचो आणि वाढवून यायचो. असं वर्षानुवर्षं. बॉक्स तोच, वायर तीच, मग आवाज दर वर्षी कमी कसा होईल, हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. माझा तर धंदाच आवाजाचा. मला कळायला हवं होतं.

सरांच्या कानांचं एक निराळंच प्रकरण होतं. ते त्यांनी मला एकदाच, दुकानात चहा पिताना सांगितलं. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा त्यांच्या लग्नाला चारच महिने झाले होते. सर लातूरला खोली करून राहायचे आणि वहिनी औशाकडच्या गावी, सासूजवळ. सकाळी मिळेल त्या ट्रकनं सर गावात पोचले, तर घराच्या जागी दगडमातीचा ढीग. आई गेल्याचं कळलं. वहिनींचं कुणालाच काही माहीत नव्हतं. चहूकडं रडारड, हाका, गाड्यांचे भोंगे… सर ढिगावर चढले आणि ओरडले, "गप बसा! सगळे गप बसा!" लोकांना वाटलं, ह्याचं डोकं फिरलं, पण त्यांचा अवतार बघून लोक खरंच गप झाले. सरांनी दगडाला कान लावला. "पहिल्यांदा कायबी न्हाई, बापू. मग एकदम बारीक… खर्र, खर्र… पत्र्यानं दगड घासल्यागत." वहिनींच्या हाताला डब्याचं झाकण लागलं होतं आणि ओरडून ओरडून घसा बसल्यावर त्या तेच घासत होत्या. दुपारी त्यांना जिवंत बाहेर काढलं. "तवापासून," सर म्हणाले, "मोठ्या आवाजाचं मला काय वाटत न्हाई. त्याच्याखाली काय दडलेलं आपल्या कानातून सुटलं तर, याचं भ्या वाटतंय."

आणि म्हणून मला त्यांचं पुढचं वेड समजलं, असं लिहिणार होतो. पण खरं सांगायचं तर तेव्हा समजलं नाही, मी नुसता हसलो. हे वेड म्हणजे डॅक. संगणकात किंवा मोबाईलमध्ये गाणं म्हणजे नुसते आकडे असतात आणि त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा डबा म्हणजे डॅक, हे मला सरांनीच समजावलं. "मोबाईलमधीबी असतोय, पण तो पाठांतर म्हणून दाखवणाऱ्या पोरागत वाचतो. चांगला डॅक समजून वाचतो." पहिला आणला तो काडेपेटीएवढा. दुसरा जेवणाच्या डब्याएवढा. तिसऱ्याला वीज पुरवायला वेगळा डबा, आणि तो डॅकहून जड! अख्खं गाव नाचवणाऱ्या माझ्या अॅम्प्लिफायरचे मी कधी एवढे लाड केले नाहीत. नवा डॅक आला की लगेच गाणं लावायचं नाही, हा नियम. आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवायचं, पंखा बंद करायचा, आणि दोघांनी पाच मिनिटं स्पीकरसमोर बसून शांतता ऐकायची. "घुरघुर हाय का?" "न्हाई." "सुं?" "न्हाई सर, घाम तेवढा येऊन राहिला."

दुसऱ्या डॅकला घुरघुर होती. लातूरच्या विजेचा भरवसा तो काय! सरांनी अंगणात पुरुषभर खड्डा खणून घेतला, तांब्याचा पत्रा पुरला, वर कोळसा आणि मीठ भरलं आणि एकट्या डॅकसाठी वेगळं अर्थिंग केलं. त्या खड्ड्यात ओल टिकायला हवी, म्हणून रोज त्यात पाणी ओतायचं. पुढं लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्या उन्हाळ्यात वहिनींचा पारा चढला. "माणसाला प्यायला न्हाई, अन् ह्यांच्या डब्याला तांब्याभर पाणी!" असं साऱ्या गल्लीला ऐकवायच्या, आणि तांदूळ धुतलेलं पाणी स्वतःच नेऊन त्या खड्ड्यात ओतायच्या.

मग तो दिवस आला. हॉलमधला माईक बिघडला म्हणून मी दुरुस्तीला गेलो होतो. सर फळ्याकडं तोंड करून गणित सोडवत होते. माझ्या हातून तार सरकली आणि सरांजवळच्या त्या बॉक्सनं शिट्टी मारली, सुईसारखी बारीक, कानात घुसणारी. सगळ्या पोरापोरींनी कानावर हात ठेवले. सर लिहीत राहिले. एकदाही वळले नाहीत… मी घाईघाईनं तार काढली. ज्या कानांनी त्या ढिगातून वहिनींना शोधून काढलं, ते मी लावलेल्या बॉक्सनं खाल्ले होते. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. 'सर, कान दाखवून घ्या,' एवढंच. पण मग पुढचं वाक्य आलंच असतं, की हे कशानं झालं आणि तो बॉक्स कुणी लावला. माझी जीभ रेटली नाही. काहीतरी कारण सांगून मी तो बॉक्स तेवढा उतरवला, आणि घरी येऊन जेवलो नाही.

सरांनी शिकवणं थांबवल्यावर मी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बसनं लातूरला जायला लागलो. त्यांच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या आणि समोर डॅक. चौथा आला तेव्हा सरांनी जुना-नवा दोन्ही डबे टॉवेलखाली झाकले आणि परीक्षा घ्यायला बसले. "हे ऐक… अन् आता हे. काय फरक?" माझे कान बॅन्जोपार्टीत घडलेले, मला डोंबलाचा फरक कळतोय! आणि त्यांना तरी कुठून कळणार होता… पण त्यांचा चेहरा बघवायचा नाही. मी म्हणायचो, "हाव सर, दुसऱ्यात मोकळं वाटून राहिलं. तबला लांबून आल्यागत." सर खुलायचे, मान डोलवायचे. मी खोटं बोलत गेलो आणि त्या खोट्यावर पाचवा डॅक आला. मी इकडचं तिकडचं बोलायचो, धंद्याचं, गुडघ्याचं, सुनेचं. ते कधी भलत्याच जागी हसायचे. मला वाटायचं, ह्यांना निम्मं ऐकू येत नाही आणि तेही ह्यांना माहीत नाही. कुठल्या तोंडानं सांगू? जाताना दर वेळी ठरवायचो, या खेपेला सांगायचंच. येताना बसमध्ये स्वतःला शिव्या घालायचो.

तेराव्याला माणसांची गर्दी होती, बोलणं झालं नाही. परवाच्या दुसऱ्या रविवारी मात्र मी नेहमीच्या बसनं गेलो. वहिनींनी दार उघडलं, त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. चहा झाला. मी म्हणालो, "वहिनी, मला काही सांगायचंय. त्यांना सांगायचं होतं, राहून गेलं." आणि सगळं सांगितलं. बॉक्स, दर वर्षी वाढवलेला आवाज, ती शिट्टी, डॅकच्या बाबतीत बोललेलं खोटं… तासभर तरी बोलत होतो. वहिनी हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून ऐकत होत्या. माझं संपल्यावर आत गेल्या आणि एक छोटी डबी घेऊन आल्या. डबीत कानाचं मशीन होतं.

"दोन वर्सं झाली," वहिनी म्हणाल्या. "सोलापूरच्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी इचारलं, कानापाशी मोठ्या आवाजाचं काही असायचं का? ह्यांनी सांगितलं तिथं खरं. बाहेर आले, अन् बाकड्यावर बसून मला म्हणले, बापूला कळू द्यायचं न्हाई. बॉक्स त्यानं लावला, पण लावायला मीच लावलं त्याला. ऐकलं तर त्याच्या जिवाला लागंल."

मी विचारलं, "पण मी कधी त्यांच्या कानात हे बघितलं न्हाई…"

"तुमी यायच्या दिवशी काढून ठेवायचे. तुमाला दिसंल म्हणून."

"मग ऐकू काय यायचं त्यांना?"

"काय न्हाई. तुमच्या तोंडाकडं बघायचे. म्हणायचे, बापूच्या तोंडावरनं कळतंय गाणं कुठवर आलं ते."

मला राग आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण आला. काहीच ऐकू येत नव्हतं तर पाचवा डॅक कशाला आणला या बाबानं? मी तसं विचारलंच. वहिनी म्हणाल्या, "मीबी हेच म्हणले. तर म्हणले, नवं काई आणलं न्हाई तर बापू एवढ्या लांबून कशाला यील?"

मी रडलो. साठीतला बाप्या, वहिनींसमोर हमसून हमसून रडलो. त्यांनी रडू दिलं. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमी दर खेपेला बसायचा न्हाई का, तवा मी आतल्या दारात बसलेली असायची. तुमाला वाटायचं, तांदूळ निवडून राहिली. तुमी स्टँडकडं गेलात की ते हे मशीन कानात घालायचे अन् मला तुमच्या खुर्चीवर बसवायचे. म्हणायचे, आता सांग, बापू काय काय बोलला. पहिल्यापासनं सांग, काई सोडू नको. तुमचं धंद्याचं, गुडघ्याचं, सुनेचं, सगळं सांगायची मी. जिथं हसायचं तिथं हसायचे, तुमी तवर पार अहमदपूरला पोचलेले असायचा."

त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि माझ्या खुर्चीकडं बघितलं.

"आज लई बोललात, भाऊजी. सवयीनं समदं ध्यानात ठेवलंय मी… आता कुणाला सांगू?"