ताईने परत आणलेल्या तीन कुऱ्हाडी

माझी थोरली बहीण तिसरी कुऱ्हाड परत घेऊन आली तेव्हा माझं डोकंच सणकलं. हत्यारांचं दुकान चालवण्यात माझी हयात गेली. लोक डोळे झाकून माझ्याकडून माल नेतात. आणि ही माझी सख्खी बहीण, भरल्या दुकानात कुऱ्हाड आपटून म्हणते, "भंगार विकतोस!"

ताई बेकरीत भट्टी पेटवते, गेली एकोणतीस वर्षं. मोठी लाकडं बाहेरून फोडून येतात, पण त्यांना नुसती काडी लावून भागत नाही. आधी बोटभर जाडीच्या ढलप्या लागतात, आणि त्या फोडायच्या ताईनेच. दुसऱ्या कुणी हात लावला तर त्याची धडगत नाही. मालकसुद्धा तिला टरकून असतो.

तिची जुनी कुऱ्हाड दोन महिन्यांपूर्वी एकाएकी तिच्या मनातून उतरली. मी तिला नवी दिली, हलकी. ढलप्यांना जड कुऱ्हाड लागतच नाही. हातभर दांडा, मधे जाडसर पातं, म्हणजे ते लाकडात रुतून बसत नाही, लाकूड उकलतं. आठ दिवसांत परत. "फार हलकी. भरकटते." मग जड दिली. "ही भलतीकडेच पडते." तिसरी अगदी माझ्या घरी आहे तसली दिली. तर म्हणे, हिचा दांडा वाकडा आहे.

वाकडा! मी दांडा काउंटरच्या काचेवर ठेवून दाखवला. सुतासारखा सरळ.

"खोट कुऱ्हाडीत नाही, ताई. तुझ्या हातात आहे," मी बोलून गेलो.

एरवी तिने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, त्या तिच्याही पिढ्या आहेत हे विसरून. पण आज तिने नुसती कुऱ्हाड माझ्याकडे सरकवली. तेव्हाच तिच्या डाव्या हाताची दोन बोटं दिसली, चिंधी गुंडाळलेली.

"हे काय?"

"खरचटलंय. चहा सांगणार आहेस की नुसती उलटतपासणी?"

चहा आला. ताईने दोन घोट घेतले आणि कप काउंटरवर ठेवला. म्हणजे तिला वाटलं की ठेवला. काउंटर वीतभर पुढे होता. कप फुटला, आणि तुकडा उचलायला ती वाकली तर तिचा हात दोनदा बाजूलाच पडला.

"लक्ष नव्हतं," म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

मग माझं कशात लक्ष लागेना. एकाला खिळ्यांऐवजी स्क्रू बांधून दिले. दुसऱ्यावर उगाच खेकसलो. शेवटी दुकानामागच्या अंगणात गेलो, ठोकळ्यावर लाकूड उभं केलं, एक डोळा मिटला आणि कुऱ्हाड मारली. लाकडापासून चार बोटं लांब पडली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. एका डोळ्याला अंतरच कळत नाही हो!

तसाच बेकरीत गेलो. ताई मागच्या दारी लाकडं रचत होती.

"ताई, एक डोळा गेलाय ना तुझा?"

"हळू बोल मेल्या, मालक आत आहे! कळलं तर उद्याच घरी बसवेल."

"मग बस की. माझ्याकडे ये राहायला."

"तुझ्याकडे? तुझी बायको देवमाणूस आहे म्हणून तुला सहन करते. मला नाही जमायचं." मग तिने हातातलं लाकूड राशीवर ठेवलं. "घरी मी एकटी, रे. इथे दहा माणसं मला विचारतात, ताई, भट्टी झाली का? तिथे कोण विचारणार?"

पुढचे दोन दिवस जिवाला चैन नव्हती. फोन वाजला की वाटायचं, गेली बोटं. कपाटं उपसली, माळा उपसला. एकच विचार, नेम धरावा लागणार नाही असं काय आहे? आणि माळ्यावर ते सापडलं. पूर्वी लाकडी पिंपाच्या फळ्या चिरायला वापरायचे तसलं लांब, जाड पातं, एका टोकाला उभा दांडा. मारायचं नाही, लाकडावर नुसतं टेकवायचं आणि पात्याच्या पाठीवर लाकडी मोगरी हाणायची. लाकूड हाताने धरायला नको म्हणून जुना टायर आणला. त्याच्या पोटात लाकूड आपलं आपण उभं राहतं.

ताईला अंगणात बोलावलं.

"हे कसलं खेळणं?" तिने नाक मुरडलं. पण दांडा हातात घेतला. चाचपून लाकडाचं टोक शोधलं, पातं टेकवलं, मोगरी आधी हळूच लावून बघितली, मग हाणली. फाट्कन दोन तुकडे. मी दुसरं लाकूड ठेवलं, तिसरं ठेवलं. एक घाव वाया गेला नाही. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या, या वयात!

ढलप्या वेचायला वाकलो आणि सहज वर पाहिलं. ताईचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते.

"अगं, उघड ना डोळे! एक तर धडधाकट आहे!"

"आज आहे," ताई म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, तोही त्याच वाटेला लागलाय. फार तर वर्षभर."

आणि मग, लाज कसली सांगायला, मी हमसून हमसून रडायला लागलो.

"रडतोस काय!" ताई ओरडली. डोळे अजून मिटलेलेच. "तोवर हाताला सवय व्हायला नको? लाकूड ठेव!"

मी लाकूड ठेवलं.