कोपऱ्यातले बाण

जालन्यातल्या एका कॉलेजात मी इंजिनिअरिंग शिकवते आणि काचेचं इंजिन चालवते. खरंच काचेचं. सिलिंडर लोखंडाऐवजी पारदर्शक, आत जाणाऱ्या हवेत तेलाचे अतिबारीक थेंब सोडायचे, लेझरचा कागदासारखा पातळ प्रकाश पाडायचा आणि लागोपाठ दोन फोटो घ्यायचे. कुठला थेंब किती सरकला ते कॉम्प्युटर शोधतो आणि हवेच्या वाटेवर बाण काढून देतो. हवा आत नीट फिरली तर डिझेल नीट जळतं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

माझे वडील, अण्णा, वडीगोद्रीला हायवेच्या कडेला पंपाची इंजिनं दुरुस्त करतात. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, हवा त्यातूनच आत शिरते. अण्णा त्यातून ब्लोअरनं हवा सोडतात आणि खाली उदबत्ती धरतात. धुरानं गिरकी घेतली की हेड पास. माझी लॅब पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाले, "एवढा खर्चा? हातच्या कांकणाला आरसा कशाला, बाई?" मी चिडले होते. पण जाताना एक बाणांचं चित्र मागून नेलं.

दोन वर्षांपूर्वी अण्णांचे जुने मित्र अण्णांसोबत लॅबमध्ये एक हेड घेऊन आले. मी त्यांना काकाच म्हणते. एमआयडीसीतल्या कारखान्यांना ते ओतकामाचे लाकडी साचे करून द्यायचे. या हेडातली हवेची वाट त्यांनी स्वतःच्या डोक्यानं वळवली होती. उदबत्तीत ते पास झालंच होतं, आता त्यांना माझा शिक्का हवा होता. मी दोन दिवस मोजलं आणि दोघांना बोलावून चित्र दाखवलं. चित्रात एका कोपऱ्यातले बाण अगदी मलूल आले. "काका, इथं हवा फिरतच नाही," मी म्हणाले. काकांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा काही बोलले नाहीत. काका हेड तिथंच ठेवून गेले. मला तेव्हा, खोटं कशाला बोलू, आरशाचा सूड घेतल्यासारखं वाटलं.

परवा मुलांना शिकवायला म्हणून तेच मूळ फोटो उघडले. त्या कोपऱ्यात थेंब नव्हतेच. काचेवर तेलाचा ओघळ होता, त्यावरून लेझर चमकून सगळं पांढरंफटक झालं होतं. थेंब दिसले नाहीत की कॉम्प्युटर आजूबाजूचं बघून अंदाजानं बाण भरतो. इथं आजूबाजूला न हलणारी चकाकीच होती, म्हणून बाण मलूल आले. असे भरलेले बाण तो लाल रंगात दाखवतो. चित्र नीटनेटकं दिसावं म्हणून मी सगळे निळे करून टाकले होते. हे मीच केलं होतं आणि विसरूनही गेले होते.

हेड कपाटात तसंच पडून होतं. काच पुसली, पुन्हा मोजलं. त्या कोपऱ्यात हवा सुरेख गोल फिरत होती.

रविवारी वडीगोद्रीला गेले. दुकानात, जांबहून आणलेल्या समर्थांच्या तसबिरीखाली, माझं चित्र लॅमिनेशन करून लावलेलं. काकांच्या हेडाचंच. अण्णांनीच नंतर कधीतरी हौसेनं मागून नेलेलं. मी सगळं सांगितलं. अण्णांनी चित्र खाली उतरवलं, पुसलं आणि पांढऱ्या रंगाचा डबा माझ्यापुढं सरकवला. दुकानाचा नियम मला लहानपणापासून ठाऊक आहे: बाद मालावर फुली मारायची, आणि ज्याच्या हातून बिघडला त्यानंच मारायची. मी त्या कोपऱ्यावर फुली मारली.

"चल," अण्णा म्हणाले, "त्याला सांगावं लागन."

जालन्यापर्यंत ते स्कूटीवर माझ्यामागं बसून आले. काका घराच्या ओट्यावर बसले होते. मी उभ्या उभ्याच बोलले, "काका, तुमचं हेड बरोबर होतं. चूक माझी होती. साचा असेल तर पुन्हा ओतून घेऊ."

"साचा तर बंबात घातला, बाई," काका म्हणाले. "त्याच महिन्यात." मग आपले पंजे उलटेपालटे करून बघत राहिले. "त्याच्यामागं एकबी नवा साचा न्हाई केला मी. म्हणलं, हात गेला आपला. आता दुसऱ्यानं केलेले साचे घासून राह्यलो."

मला रडू आलं. मी माफी मागितली, पण ती कुठं पोचल्यासारखी वाटली नाही.

काका अण्णांकडे वळले. "तू तर उदबत्ती धरली होती. धूर फिरला होता ना?"

"फिरला होता. बराबर फिरला होता."

"मंग त्या दिवशी बोलला का न्हाईस?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"पोरगी बोलून राह्यली होती ना," ते म्हणाले.