आत्याच्या घरची वकीलबाई

परीक्षा द्यायच्या आधीच सगळी अभ्यासिका जिला ‘वकीलबाई’ म्हणायची, तिला तर्काच्या पेपरातले नात्यांचे प्रश्न काही केल्या सुटत नसत.

जाफराबादच्या त्या अभ्यासिकेत बाया आम्ही दोघीच. मी धावड्याहून येऊन खोली करून राहिलेली, ती लग्न होऊन इथे आलेली. दोघींनाही लॉची प्रवेशपरीक्षा द्यायची होती. मला एकटीला घास जायचा नाही, म्हणून ती डबा घेऊन माझ्या टेबलाशी यायची. ‘जेव गं, उपाशीपोटी डोकं चालत न्हाई,’ म्हणायची. तिचं स्वतःचं भरल्यापोटीही चालायचं नाही, ते सोडा!

प्रश्न असायचा, एक बाई सविताच्या वडिलांची बहीण आहे, तर ती सविताच्या नवऱ्याची कोण? वकीलबाई बिनधास्त ‘आई’वर खूण करायची.

‘अगं ताई, असं कुठं दिलंय? उत्तर आहे, सांगता येत नाही,’ मी वैतागायचे.

‘पण आत्याच सासू असती ना!’

तिला आत्याच्याच घरी दिलं होतं. आमच्याकडे होतात अशी लग्नं. पुस्तक लिहिणाऱ्याला त्याचं काय?

‘प्रश्नात आहे तेवढंच धरायचं, आपलं घर मधे आणायचं नाही,’ असं मी हजारदा बजावलं. ती हसायची. एकदा मात्र डबा झाकता झाकता म्हणाली, ‘तू सासरी भांडलीस तर माहेरी जाशील. माझं माहेर म्हंजी सासूचंच माहेर. मी रुसून जाऊ कुठं? म्हणून तर ही परीक्षा देऊन राह्यले.’ मी तिच्या लोणच्याची तारीफ केली.

जालन्याच्या केंद्रावर नेमका तसाच प्रश्न आला. बाहेर येताच तिने माझा हात गच्च धरला. ‘बराबर केलं गं! आत्याला सासू केलंच न्हाई!’ आणि भर रस्त्यात रडायला लागली.

दोघींचाही नंबर लागला, संभाजीनगरला. ‘घर कोण बघंल?’ आत्या म्हणाली. नवरा आईच्या शब्दाबाहेर नव्हताच. मंग वकीलबाईने वडिलांना बोलावून घेतलं. ते आले, चहा प्याले आणि विचारलं ते आपल्या बहिणीलाच. ‘आक्का म्हणंल तसं,’ म्हणाले आणि दुपारच्या गाडीने परत गेले.

मी एकटीच आले. वसतिगृहात डबा उघडते, समोर कुणी नसतं, आणि भूक मरते मेली. फार आठवण येते तिची.

परवा फोनवर मी विचारलं, ‘ताई, पुढच्या वर्षी येशील ना?’

पलीकडून भांडी घासल्याचा आवाज येत होता.

‘सांगता येत न्हाई,’ ती म्हणाली.