पांढऱ्या पायाची

तुमच्या आईचे पहिले बाळंतपण माहेरी झाले नाही. मीच तिच्या सासूबाईंना पत्र लिहिले होते: आमच्या पिरंगुटला चांगले इस्पितळ नाही, ऐनवेळी गाडी मिळत नाही, तेव्हा तिला पुण्यातच राहू द्यावे. त्यातले एकही कारण खोटे नव्हते, पण खरे कारण त्यात नव्हते.

तेव्हा मी पौडच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. माझ्यामुळे काहीतरी वाईट घडेल, ही भीती मला कित्येक महिने सोडत नव्हती. शाळेच्या कपाटाचे कुलूप मी दहादा ओढून पाही. शिपाईबाई एकदा म्हणाल्या, "बाई, आता त्ये कुलूपच म्हनंल, लागलोय की मी, जावा घरी." मी हसले आणि पुन्हा ओढले.

शेवटी तुमच्या आजोबांनी मला पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. मग दर शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी बस धरी. डॉक्टर परदेशात शिकून आलेले, कमी बोलणारे. त्यांनी वही करायला सांगितली. त्यात रकाने असे: काय घडले, मनात कोणता विचार आला, त्याला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय. मी रकाने पट्टीने आखले आणि इंग्रजीत भरले. दोन महिन्यांत कुलूप एकदाच ओढण्यावर आले. पण मुलीला घरी आणायचा विषय निघाला की मी बोलणे दुसरीकडे वळवी. पुराव्याचा रकाना कोरा राही, भीती मात्र जात नसे.

डॉक्टर वही चाळून म्हणाले, "व्याकरणाची एकही चूक नाही. लहानपणी घाबरलात की इंग्रजीत घाबरायचात का?"

"नाही."

"मग या आठवड्यात मराठीत लिहा. विचार खरा आहे का, ते आपण तपासतोच आहोत. तो तुमच्याकडे आला कुठून, तेही बघू."

त्याच आठवड्यात, बाळंतपणाला घरी का नको, असे विचारणारे मुलीचे पत्र आले. ते वाचून मी विचाराच्या रकान्यात लिहिले, 'मी पांढऱ्या पायाची.' इंग्रजीत त्या जागी 'माझ्यामुळे काही बिघडेल' असे सभ्य वाक्य असे. हा शब्द मी चाळीस वर्षांत उच्चारला नव्हता. मी बारा दिवसांची असताना माझे वडील गेले. जिच्या पायगुणाने घरावर संकट येते, तिला तसे म्हणत, आणि आमच्या काकू मला तसे म्हणत. मी सात वर्षांची असताना काकूंना दिवस गेले आणि मला पुण्याला मिशनच्या बोर्डिंगात धाडण्यात आले. मुलगी हुशार आहे, शिकू दे, असे सगळ्यांना सांगितले गेले. ज्या इंग्रजीचा मी जन्मभर अभिमान बाळगला, ती मला घराबाहेर काढल्यामुळे मिळाली होती.

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "विहीणबाईंना लिहिलेल्या पत्रात कारणे कोणती दिली होती तुम्ही?"

"इस्पितळ आणि गाडी," मी म्हणाले.

पुढचा गृहपाठ त्यांनी दिला तो असा: मुलीकडे जायचे, तासभर तिच्याजवळ बसायचे आणि तिला घरी बोलवायचे. मी गेले. विहीणबाई शेजारीच मेथी निवडत होत्या.

"आता कशाला, आई? आठवा सरत आला. इथलं सगळं ठरलंय," मुलगी म्हणाली.

"माझं चुकलं. मला भीती वाटत होती गं."

"कसली?"

पोटुशी मुलगी समोर, सासू शेजारी. तो शब्द तिथे तोंडातून काढणे शक्य नव्हते.

"प्रवासाची," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि मेथीची एक जुडी आपल्याकडे ओढून घेतली.

महिन्याभराने तुमच्यातली थोरली जन्मली. दोघी सुखरूप होत्या. वहीत हा भीतीविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा ठरायला हवा होता. मनाने तो उलटा लावला: तू लांब राहिलीस, म्हणून निभावले. डॉक्टर म्हणाले, जवळ राहूनही काही बिघडत नाही, हे जवळ राहिल्याशिवाय कळणार कसे?

म्हणून दुसऱ्या खेपेला मी पाचव्या महिन्यातच बोलावणे धाडले आणि माडीवरची खोली रंगवून घेतली. तुमच्या आईने उत्तर लगेच पाठवले. इथेच सोयीचे पडेल, तू दगदग करू नकोस, असे लिहिले होते. मी पुन्हा आग्रह केला नाही.