बोऱ्यातला माणूस

"अंदर कौन है?" सायबानं इचारलं.

"कोई नहीं, साहब. बोरा है," शेठ म्हणे.

आन् मी आत होतो. गळ्यालोक कापसात बुडेल. दोन खांबांवर आडवी बल्ली, तिले बोरा टांगेल, आन् त्यात उभा राहून मी पायानं कापूस तुडवून राहिलो होतो. वरतून कापूस पडे, मी दाबो. जसा दाबल्या जाये तसा मी वर येवो. बोरा कचकचीत भरला की त्याच्या तोंडातून बाहेर, मंग दुसऱ्यात. नाकात रुई, घशात रुई. खोकलो की पांढरंच पडे.

अमरावतीच्या बाजारातलं ते आवार. दूर कुठं परक्या मुलखात लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला, आन् आमच्या वऱ्हाडच्या कापसाले सोन्याचा भाव आला. शेठच्या बैलांच्या शिंगाले पितळी शेंब्या चढल्या. माह्या आंगावर तेच फडकं.

त्या दिवशी हंगामाचा मुहूर्त होता. सकाळीच मी पहिला बोरा भरून देला. तो पाटावर ठेवला. त्याले हळद-कुंकू, त्याले हार. भटजीनं त्यातलाच मूठभर कापूस उपसला, वात वळली, तुपात भिजवून देवापुढं लावली. मुनीमजीले शेला. दलालाले शेला. बैलाले गूळ-पोळी, आन् नावं घेऊन बरं! "ये राजा, खा सोन्या." आमाले मुकादम म्हणे, "सावली पडते बे, तिकडं व्हा."

वा रे वा! माह्या पायाखालचा कापूस देवाले चालते, अन् पायाचा धनी चालत नाही.

हे आधी दिसलं नव्हतं असं नाही. रोजच दिसे. माय म्हणे, आपण गुमान राहावं. राह्यलो. पण मंग कापूस पाहाले गोरा सायेब आला, मी दुसऱ्या बोऱ्यात होतो, आन् शेठ बोलला, "कोई नहीं." ते लागलं. शिवी देली असती तं गिळली असती. शिवी निदान माणसाले देतात. यानं तं मले पुसूनच टाकलं.

मी पाय थांबवले.

मुकादम धावत आला. "काहून थांबला बे?"

"आत कोणी नाही म्हणते ना शेठ," मी म्हटलं. "मंग तुडवून कोण राहिलं?"

बल्ली धरली आन् बाहेर आलो. डोक्यापासून पायालोक रुई. सायेब हासला, त्याले गंमत वाटली. शेठ नाही हासला.

"नालायका! सायबापुढं तमाशा करतं? चढ वापस!"

"नाही चढत."

घरी मायनं कपाळ बडवलं. "आता खाशीन काय? गोटे? या बाजारात तुले उभं तरी करन का कोणी?" तिचं खरं होतं. शेठचा शब्द बाजारात फिरला की एकूण एक आवाराचं दार बंद. मलेही भेव वाटलं, खोटं कशाले सांगू. पण वापस जायचं म्हटलं की आंगाची आग होये.

मुकादमच आला शेवटी दारात. शेठची गरज होती, भाव चढून राहिला होता आन् कापूस उघडा पडेल होता. "मजुरी वाढवून देते म्हणते शेठ. चाल."

"शेठले इचारा, माहं नाव काय?"

 मुकादमालेही ठाऊक नव्हतं. तीन हंगाम त्याच्या डोळ्यापुढं तुडवत होतो मी.

"नाव घेतल्यानं बोरा भरते काय बे?"

"मंग बिननावाचाच भरा."

माह्या मांगं बाकीचे तुडवणारेही निघाले, त्यांचीही नावं कोणाले ठाऊक नव्हती. आमी पायी अकोल्याले गेलो. अमरावतीले शेठनं नवे आणले, ते टिकत ना. शिव्या खात, पळून जात. त्याच्या कापसाचा ढीग तसाच राह्यला म्हणत. मले आनंद झाला. चांगलाच झाला.

अकोल्याचा शेठ हुशार. पह्यल्याच दिवशी एकेकाले इचारलं, नाव काय, बापाचं नाव काय, गाव कोणतं. आन् ध्यानात ठेवलं! येता-जाता नाव घेऊन हाक मारे. देवमाणूस बिवमाणूस काही नाही. दुसऱ्याचे पळतात, आपले टिकावे, एवढंच त्याचं गणित. पण खरं सांगतो, आपलं नाव ऐकून मले बरं वाटलं. जास्तीचं काम केलं मी त्या नावासाठी. त्याच्या आवारातून एक माणूस हालला नाही.

मंग पुढच्या हंगामाचा मुहूर्त आला. शेठनं आमाले तिकडं व्हा म्हटलं नाही. समोर बलावलं. सगळ्या बाजारादेखत माहं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. मी पुढं झालो. छाती भरून आली होती.

त्याच्या हातात लाल पागोटं होतं. मुनीमाले त्यानं दोन्ही हातानं देलं होतं. मी जवळ आलो तसा तो एक पाऊल मांगं सरला आन् म्हणे, "झेल रे!"

फेकलं त्यानं. माह्या पायाजवळ धुळीत पडलं.

"उचल ना. तुह्यासाठीच हाय."

"तुमी उचला शेठ. हातात द्या."

"हातात?" त्याचं तोंड उतरलं. "भान हाय का तुले?"

"हाय. आजच आलं."

मांगून आमच्यातल्याच एकानं माहा दंड ओढला. "घे ना बाप्पा. आजवर कोणं देलं होतं एवढं?"

कोणंच नाही. म्हणूनच तं अर्धं घेणार नाही आता. नाव तोंडात चालते आन् हात चालत नाही, हा कोणता मान? नावानं बलावून कुत्र्याले तुकडा टाकावा तसा टाकलेला मान मी उचलत नाही. ह्या शेठचा नाही, त्या शेठचा नाही, कोणाच्याच बापाचा नाही. उपाशी मरन, पण वाकणार नाही.

पागोटं तथीच पडेल होतं. रिकामा बोरा बल्लीले टांगेल होता. मी त्याच्याकडं बोट केलं.

"शेठ," मी म्हटलं, "पाय तुमालेही हायेत. उतरा आत."