जाळीवरच्या चिंध्या

पारोळ्याजवळच्या एका गावात ती बाई मला एकदाच दिसली. आरोग्याच्या हक्काची पत्रकं वाटायला मी गेलो होतो. सरकारी उपकेंद्राला कुलूप होतं आणि ती दातांनी जुनं लुगडं फाडून दाराच्या जाळीला चिंधी बांधत होती. जाळी चिंध्यांनी भरली होती.

"नवस का, अक्का?"

"नही रे भाऊ. दार बंद दिखनं का चिंधी बांधानी. गावन्या बठ्ठ्याच बाया बांधतस. तापले पिवळी, पोटुशीले हिरवी."

तिच्या हातात हिरवी होती. आठवा महिना लागलेली सून मागे पायरीवर टेकली होती. बंद दाराची बायांनी ठेवलेली ही नोंद कुणाला फाइलीत दाबता येणार नव्हती.

तेवढ्यात गावाच्या तक्रारीवरून जळगावहून आरोग्य खात्याचे साहेब आले. चिंध्या पाहून त्यांनी बूट काढले, हात जोडले. "कुठली देवी ही?"

"देवी नही, साहेब. आम्ही नर्सबाईनी वाट पाहतस. तीबी दिखत नही."

बाया पदराआड हसल्या. साहेबांनी घाईने बूट चढवले. नर्सचं पद रिकामं आहे, वर कळवतो, तोवर हे काढून टाका, म्हणाले.

"दार उघडू द्या, आम्हीच सोडसूत."

तिने सुनेकडे पाहिलं आणि साहेबांच्या देखतच आजची हिरवी चिंधी बांधली. गाठ सुरगाठ होती, एका ओढीत सुटेल अशी. मी जाळीजवळ जाऊन पाहिलं. सगळ्याच गाठी तशा होत्या.