डॉक्टरांचं ‘दिसलं’

विमानतळाच्या टॉवरवर सगळे तिला ताई म्हणायचे. साहेबसुद्धा. रागावली की ताई आवाज चढवायची नाही, उलट खाली आणायची, आणि समोरच्याला घाम फुटायचा. घरी सासूबाई म्हणायच्या, “आमच्या सूनबाई दिवसभर विमानांशी बोलतात, घरच्या माणसांसाठी शब्द उरतच नाहीत.” त्यात खोटं काही नव्हतं.

त्या विमानांतला एक आवाज ताईला फार जवळचा होता. गुरांचे डॉक्टर. नदीपलीकडच्या छोट्या धावपट्टीवर त्यांचं स्वतःचं दोन आसनांचं विमान होतं, लांबून खेळण्यातलं वाटावं असं. रविवारी सकाळी डॉक्टर उडायचे. ताई नोकरीला लागली तेव्हापासून दोघं बोलत होते, पण एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. लोकांना ऐकून नवल वाटतं, पण टॉवरवाल्यांचं असंच असतं. ओळख आवाजाशी, चेहऱ्याशी नाही. बाळंतपणाची रजा संपवून ताई परत आली तेव्हा डॉक्टरांनी आभाळातूनच विचारलं होतं, “काय, मुलगी का? वा!” नियमात बसत नव्हतं ते, पण ताईला भरून आलं होतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं तिथंच अडलंय. छोटं विमान मोठ्या विमानांच्या वाटेजवळ आलं की टॉवर विचारतो, “समोरून उतरणारं विमान दिसतंय का?” पायलट “नाही” म्हणाला तर दोघांना लांब ठेवायचं ओझं टॉवरचं. “दिसलं” म्हणाला की ते ओझं त्याचं. टॉवर पुढच्या कामाला मोकळा. नवख्यानं “दिसलं” म्हटलं की ताई लगेच विचारायची, “कुठं?” डावीकडं, उजवीकडं, वर, खाली, नीट वदवून घ्यायची. डॉक्टरांना मात्र तिनं कधी विचारलं नाही. अहो, डॉक्टर ते! त्यांना काय विचारायचं?

त्या रविवारी आभाळ स्वच्छ होतं. डॉक्टर परत येत होते आणि प्रवाशांनी भरलेलं एक मोठं विमान उतरत होतं. ताईनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, “दिसलं. त्याच्या मागून जातो.” ताईनं मान वळवली आणि दुसऱ्या विमानाशी बोलायला लागली.

परत रडारच्या पडद्याकडं पाहिलं तेव्हा दोन ठिपके एकमेकांवर चढले होते.

ताई ओरडली, कधी नव्हे ती ओरडली. मोठ्या विमानाच्या कॅप्टननं विमानाचं नाक वर खेचलं. आतल्या प्रवाशांच्या मांडीवर पेले सांडले, आणि खिडकीशी बसलेल्या एका बाईला म्हणे पंखाखाली एक छोटं चाक दिसलं, हात लांबवला तर लागेल इतकं जवळ. दोन्ही विमानं सुखरूप उतरली.

चौकशी झाली. रेकॉर्डिंग ऐकलं. साहेब म्हणाले, “ताई, तू सुटलीस. तू विचारलंस, ते म्हणाले दिसलं. डोळ्यावर ऊन आलं होतं म्हणतात. ताकीद देऊन सोडलंय त्यांना. उद्यापासून बस माईकवर.”

“आणि डॉक्टर?”

“उडतील की येत्या रविवारपासून. दरवर्षीची डोळ्यांची तपासणी पास आहेत.”

ताई सुटली खरी, पण जीव सुटला नाही. घास तोंडात फिरत राहायचा. नवरा म्हणाला, “कुणी मेलं नाही ना? मग कशाला जिवाला लावून घेतेस?” कुणी मेलं नाही म्हणून प्रकरण मिटलं, हेच तर तिला खात होतं. इतक्या लख्ख उन्हात, एवढं मोठं धूड, आणि डॉक्टरांना दिसू नये? नक्की काय दिसलं होतं त्यांना? हे कळल्याशिवाय तिला त्या एका शब्दावर पुन्हा कधी विश्वास ठेवता आला नसता. आणि रविवार तर तोंडावर आला होता.

शनिवारी ती त्यांच्या घरी गेली. दार डॉक्टरांच्या बायकोनं उघडलं. ताईनं टॉवरवरून आल्याचं सांगितलं. “अगंबाई, टॉवरवरच्या तुम्हीच का! यांच्या तोंडी सारखं तुमचंच नाव. हल्ली तर रविवारची वाट बघत दिवस काढतात बिचारे. मीच सोडायला जाते गाडीनं. यांना रहदारीत चालवायचा त्रास होतो ना आता.”

गाडी चालवता येत नाही, आणि विमान?

बाई चहा टाकायला गेल्या. ताई आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली. खिडकीशी खुर्चीत डॉक्टर बसले होते. पांढरे केस, घरात असूनही इस्त्रीचा सदरा. त्यांनी मान वळवून सरळ तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाले, “काय गं, झाला का चहा? उद्या जरा लवकर निघू हं.”

“नमस्कार, डॉक्टर.”

“टॉवर!” ते धडपडत उठले. चेहरा लहान मुलासारखा फुलला. “अहो, तुम्ही? माझ्या घरी? बसा, बसा! त्या दिवशी फार त्रास दिला मी तुम्हाला. ऊन होतं हो डोळ्यावर.”

तेवढ्यात लांबून घरघर ऐकू आली. घर विमानांच्या वाटेखालीच होतं. ताईनं आवाज खाली आणला, माईकवरचा.

“डॉक्टर, समोरून उतरणारं विमान दिसतंय का?”

डॉक्टर ताठ झाले. चेहरा खिडकीकडं. समोर फक्त शेजारच्या घराची पाण्याची टाकी होती. विमान घराच्या मागून येत होतं.

“दिसलं,” ते म्हणाले.

“कुठं?”

विमान डोक्यावरून गेलं, तावदानं थरथरली, आवाज विरला.

“हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत,” ते हळूच म्हणाले.

“नाही विचारलं. तिथंच चुकले मी.”

“नजर गेल्याला वर्ष झालं असेल, ताई. तपासणीचा अक्षरांचा तक्ता पाठ आहे मला, इतकी वर्षं तोच आहे. वर गेलं की नदी चमकते, तेवढी पुरते. बाकी म्हटलं, काही आडवं आलंच तर टॉवर सांगेल. तुम्ही होता ना.”

“आणि मी म्हणत होते, डॉक्टरांना दिसतंय.”

ताईचे डोळे भरून आले. राग आला होता, मायाही येत होती, आणि मध्येच त्या भरलेल्या विमानातली माणसं आठवत होती, ज्यांना या दोघांचा हा भरवसा ठाऊकही नव्हता. ती म्हणाली, “डॉक्टर, उद्या तुम्ही उडायचं नाही. परत कधीच नाही. मला साहेबांना सांगावं लागेल.”

डॉक्टरांनी वाद घातला नाही. खिशात हात घातला आणि विमानाची किल्ली काढली. तिला बांधलेली लाल फीत झिजून तिचा नुसता दोरा झाला होता. त्यांनी ती ताईला द्यायला हात पुढं केला. हात भलतीकडं गेला, जिथं रिकामी खुर्ची होती.

ताई उठली, सरकली, आणि त्या हाताखाली आपली ओंजळ धरली.

“मिळाली, डॉक्टर,” ती म्हणाली, आणि मग त्यांनी किल्ली सोडली.